घरच्या कॉफीचे भांडे



चहा आणि कॉफी यांची नावे आपण नेहमी जोडीने घेतो, पण या दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. चहाची पत्ती पाण्यात फुगते, गाळणीत अडकते आणि काम संपते. कॉफीचे तसे नाही. ती भाजलेल्या बियांची भुकटी. साध्या गाळणीतून ती निसटते, कपाच्या तळाशी गाळ होऊन बसते, आणि शेवटचा घोट घेणाऱ्याच्या दातांत कचकचते. शिवाय जरा जास्त उकळली की कडू, आणि कमी मुरली की पाणचट. त्यामुळे चहाचे आपल्या घरी एका पातेल्यावर आणि एका गाळणीवर भागते. कॉफीसाठी मात्र गेल्या सव्वादोनशे वर्षांत जगभरच्या कारागिरांनी, गृहिणींनी आणि शास्त्रज्ञांनीसुद्धा नाना तऱ्हेची भांडी काढली.

आज तालुक्याच्या गावीसुद्धा भांड्यांच्या दुकानात गेलात तर पितळी फिल्टर, स्टीलचा फिल्टर, दांडीने दाबायचे काचेचे भांडे, इटालियन घाटाची ॲल्युमिनियमची किटली आणि विजेवर चालणारी दोन-चार यंत्रे मांडलेली दिसतील. मुलगा किंवा सून शहरात नोकरीला असेल तर सणाच्या वेळी त्यातले एखादे घरी येऊनही पडते. आता यातले घ्यावे कोणते? दुकानदार म्हणेल महागातले घ्या. शेजारी म्हणेल मी घेतले तेच घ्या. मी इतिहास शिकवणारा माणूस. माझे म्हणणे एवढेच, की यातले प्रत्येक भांडे कोणाच्या तरी घरातली एक अडचण सोडवायला जन्माला आलेले आहे. ती अडचण कोणती होती हे कळले, की ती आपल्या घरात आहे की नाही हे आपले आपल्याला ठरवता येते.

तेव्हा आपण प्रारंभापासून पाहू.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियातले. तिथून ते लाल समुद्र ओलांडून येमेनमध्ये आले, आणि पंधराव्या शतकात तिथले सूफी साधक रात्रीच्या उपासनेत झोप येऊ नये म्हणून त्याच्या बियांचे पेय घेऊ लागले. अरबीत या बियांना 'बुन' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतला 'बुंद' हा शब्द त्याच घराण्यातला. १५५४ च्या सुमारास इस्तंबूल शहरात कॉफीची दुकाने निघाली. तेथपर्यंतची रीत एकच होती. भाजलेल्या बिया कुटायच्या, पाण्यात टाकायच्या आणि विस्तवावर ठेवायच्या. तुर्कांनी त्यासाठी लांब दांडीचे, बुडाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद असे तांब्याचे छोटे भांडे घडवले. त्यात पिठासारखी बारीक भुकटी घालतात, मंद आचेवर फेस वर येऊ देतात, आणि फेस आला की खाली उतरवतात. मग कपात ओतून गाळ बसेपर्यंत थांबायचे आणि वरचे वर प्यायचे. गाळण्याची भानगडच नाही. गळा अरुंद ठेवण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. फेस दाटून राहतो आणि वास लवकर उडून जात नाही.

आपल्या देशातही हे पेय फार जुने. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर जहांगीर बादशहाच्या राज्यात वावरलेला एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. काळ्या बिया पाण्यात उकळून केलेले हे पेय इथले लोक घेतात, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात कॉफी पीत होते. ती कॉफी बाहेरून येणाऱ्या बियांची. आपल्याकडच्या लागवडीची कथा मात्र बाबा बुडन या साधूशी जोडलेली आहे. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगरांना आज त्यांचेच नाव आहे, आणि भारतातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के आज त्या एका कर्नाटक राज्यात पिकते.

युरोपात कॉफी गेली ती ही उकळण्याची रीत घेऊनच. १६५२ साली लंडनमध्ये पहिले कॉफीगृह निघाले. पण तिथल्या लोकांना गाळ आवडेना, आणि तुर्कांसारखे बारीक दळणेही साधेना. फ्रान्समध्ये १७११ च्या सुमारास एक साधी युक्ती निघाली. कापडाच्या पिशवीत भुकटी घालायची आणि तिच्यावर कढत पाणी ओतायचे. पाहा, आपण पंचाच्या फडक्यातून काढा गाळतो तसेच हे. गाळाचा प्रश्न सुटला. शिवाय नकळत दुसरीही एक गोष्ट घडली, ती म्हणजे भुकटी विस्तवापासून दूर झाली. तिचे महत्त्व ओळखायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

१८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन मजली भांडे प्रचारात आले. पुढे पॅरिसचे आर्चबिशप झालेल्या द बेलॉय यांच्या नावाने ते ओळखले जाते. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोके, त्यावर भुकटी, त्यावर कढत पाणी. पाणी थेंबाथेंबाने खालच्या मजल्यात उतरते. आपल्याकडचा मद्रासी फिल्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वर्णन लगेच ओळखीचे वाटेल.

आता इथे एका थोर शास्त्रज्ञाची गाठ पडते, आणि शिक्षक मंडळींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. काउंट रम्फर्ड. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तोफेच्या नळीला भोक पाडताना निघणाऱ्या उष्णतेचा प्रयोग आपण शिकवतो ना, तो याचाच. १७९८ साली त्याने तो निबंध प्रसिद्ध केला. हा मनुष्य जन्माने अमेरिकन, चाकरीने बव्हेरियाच्या इलेक्टरचा, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा एक संस्थापक. उष्णतेचा त्याला छंदच होता. चुली सुधारल्या, धुराडी सुधारली, गरिबांसाठी स्वस्त आणि पोटभर सूप कसे करावे याचाही विचार केला. १८१२ साली त्याने केवळ कॉफी करण्याच्या कलेवर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की कॉफी उकळू नये. उकळताना तिच्यातला सुगंध वाफेबरोबर निघून जातो. घरभर जो घमघमाट सुटतो तो कपातून वजा झालेला असतो! म्हणून भुकटीचा थर सारखा दाबून सपाट करावा, त्यावर कढत पाणी हळूच ओतावे, आणि भांडे सगळ्या बाजूंनी गरम राहील अशी व्यवस्था करावी. त्यासाठी त्याने गरम पाण्याचे वेष्टण असलेली भांडी सुचवली. कष्टकरी माणसाला दारूऐवजी हुशारी देणारे चांगले पेय घरच्या घरी मिळावे, ही त्याची त्यामागची दृष्टी होती.

रम्फर्डच्या म्हणण्याला पुढच्या काळात रसायनशास्त्राने दुजोरा दिला. १९५० च्या दशकात अमेरिकेत लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने मोजमाप करून दाखवले, की भुकटीच्या वजनापैकी साधारण १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला तर कॉफी चवदार लागते. त्याहून कमी उतरला तर ती आंबूस आणि पाणचट, जास्त उतरला तर कडवट आणि तुरट. चांगला अंश आधी सुटतो, कडू अंश मागाहून. उकळत ठेवणे म्हणजे त्या मागाहून येणाऱ्याला ओढून काढणे. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे असे आज सर्वसाधारणपणे मानतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पाण्याला चांगली उकळी आली, की भांडे खाली उतरवायचे आणि अर्धा मिनिट थांबून ओतायचे. महाबळेश्वरला तर तेवढेही थांबायला नको. तिथे समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी मुळातच ९५-९६ अंशांना उकळते.

म्हणजे १८१२ साली उत्तम कॉफीचे रहस्य छापून मोकळे झाले होते. मग पुढे सगळ्यांनी तसेच केले असेल, नाही का? मुळीच नाही. इतिहासातली मौज इथेच आहे.

एकोणिसाव्या शतकात पर्कोलेटर नावाचे भांडे निघाले. १८१९ साली पॅरिसच्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने त्याचा पहिला नमुना केला, आणि १८८९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हॅन्सन गुडरिच नावाच्या गृहस्थाने घरगुती चुलीवर ठेवायच्या पर्कोलेटरचा एकस्व हक्क घेतला. यात खालचे पाणी उकळून मधल्या नळीतून वर चढते, भुकटीवर पडते आणि परत खाली येते. खाली आले की पुन्हा उकळते, पुन्हा वर जाते. म्हणजे झालेलीच कॉफी तिच्याच चोथ्यातून पुन्हा पुन्हा फिरत राहते. रम्फर्डने जे करू नका म्हणून सांगितले, नेमके तेच हे भांडे मोठ्या डौलाने करत होते. तरीही अमेरिकेतल्या घराघरांत ते १९७० च्या दशकापर्यंत नांदले.

का नांदले? त्याचेही उत्तर स्वयंपाकघरात आहे. ते चुलीवर ठेवून बाई दुसऱ्या कामाला लागू शकत होती. पाणी वेगळे तापवा, थांबा, हळूहळू ओता, पुन्हा थांबा, ही कटकट नव्हती. वरच्या काचेच्या बोंडीतून कॉफीचा रंग दिसे. आणि तो घमघमाट! तो वास म्हणजेच चांगली कॉफी अशी सगळ्यांची समजूत झाली. चव गेली, पण वेळ वाचला. लोकांनी तो सौदा मान्य केला. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. घरात काम करणाऱ्या माणसाच्या वेळेलाही किंमत असते. मात्र आपण काय देऊन काय घेत आहोत हे ठाऊक असावे, इतकेच.

यानंतरची गोष्ट जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराची. मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी तिथे राहत होती. रोजच्या कॉफीतला कडवटपणा आणि दातांत येणारा गाळ यांना ती कंटाळली होती. कापडी गाळण धुता धुता हात मोडत, आणि ते नीट धुतले नाही तर त्याला खवट वास येई. १९०८ साली तिने एक पितळी भांडे घेतले, त्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद कापून आत बसवला, त्यावर भुकटी घातली आणि कढत पाणी ओतले. खाली उतरली ती स्वच्छ कॉफी. काम झाले की कागद चोथ्यासकट टाकून द्यायचा. धुणे नाही, घासणे नाही. जून १९०८ मध्ये बर्लिनच्या पेटंट कचेरीत तिच्या युक्तीची नोंद झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ७३ फेनिग, म्हणजे एक मार्कसुद्धा नाही, एवढ्या भांडवलावर तिने घरातल्याच एका खोलीत धंदा सुरू केला. नवरा आणि मुले मदतीला. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत त्यांचे हजाराहून अधिक फिल्टर खपले. त्या घराण्याचा धंदा आजही चालू आहे.

शिक्षकहो, ही गोष्ट मुलींना जरूर सांगा. शोध लावायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. खिळा, टीपकागद आणि 'हे असेच का चालू द्यायचे?' हा प्रश्न मनात असला की पुरे होते. आणि त्या कागदाने आणखी एक काम केले, ते तिला स्वतःलाही माहीत नव्हते. ते मी पुढे सांगतो.

आता इटलीत जाऊ. तिथे १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने वाफेच्या दाबाने झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले होते. पण ती यंत्रे मोठी, महाग, आणि दुकानात ठेवायची. पुरुषमाणसे दुकानात जाऊन पीत. घरी मात्र जुनीच कॉफी. १९३३ साली उत्तर इटलीतल्या क्रुसिनालो गावच्या अल्फोन्सो बियालेट्टी याच्या कारखान्यात एक अष्टकोनी ॲल्युमिनियमची किटली तयार झाली. तिचे नाव मोका, येमेनमधल्या मोखा या कॉफीच्या जुन्या बंदरावरून ठेवलेले. खाली पाणी, मध्ये भुकटीची वाटी, वर कॉफी. खाली वाफ कोंडली की ती पाण्याला भुकटीतून वर ढकलते. एकदाच, पर्कोलेटरसारखे पुन्हा पुन्हा नाही. ॲल्युमिनियम का? कारण त्या काळच्या इटलीत मुसोलिनीचे सरकार परदेशी मालाऐवजी देशातल्या धातूचा पुरस्कार करत होते, आणि ॲल्युमिनियम हा इटलीचा राष्ट्रीय धातूच समजला जाई. याच मुसोलिनीने १९३५ साली कॉफीच्या माहेरावर, इथिओपियावर, चढाई केली. किटली आणि राजकारण यांचा संबंध असा येतो. महायुद्धानंतर अल्फोन्सोचा मुलगा रेनातो याने जाहिरातींच्या जोरावर ती किटली घरोघर पोचवली. २०१६ साली तो वारला, तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका किटलीतच ठेवल्या होत्या.

आणि आता आपल्या घरी येऊ. दक्षिणेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉफीने घरोघर ठाण मांडले, ते पितळी फिल्टरच्या साहाय्याने. वरच्या भांड्यात भुकटी, तिच्यावर छत्रीसारखी दांडी असलेली सच्छिद्र चकती, वर कढत पाणी. रात्री किंवा पहाटे भरून ठेवले की सकाळी दाट अर्क तयार. कढत दुधात तो मिसळायचा आणि वाटी-पेल्यात उंचावरून ओतून फेस आणायचा. पाहा, रम्फर्डचे तिन्ही नियम यात आहेत. भुकटी उकळत नाही, थर सारखा दाबला जातो, आणि पाणी हळू उतरते. शिवाय वीज नको, कागद नको, रबराची चकती नको. मोडण्यासारखे त्यात काही नाहीच. पितळ गेले, स्टील आले. घाट तोच राहिला.

या अर्कात बहुधा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. कॉफीशी तिचे नातेगोते नाही. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा फ्रान्समध्ये कॉफी दुर्मीळ झाली आणि लोकांनी हे मूळ वापरायला सुरुवात केली. ती सवय पुढे जगभर पसरली. आपल्याकडे चिकोरी गुजरातेत पिकते. तिने अर्क दाट आणि काळा होतो, आणि ती स्वस्तही पडते. मात्र मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे असा आपल्या देशात नियम आहे, आणि प्रमाण पुडीवर छापावे लागते. ते वाचून घ्या. भांडे कितीही उत्तम असले तरी पुडीत नाही ते कपात कुठून येणार?

महाराष्ट्राचा कॉफीशी संबंध थोडा निराळा. मुंबईत पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ साली कॉफी दळून विकण्याचे दुकान काढले. 'पोल्सन' हे नाव पुढे लोण्यामुळे गाजले तरी त्याचा आरंभ कॉफीपासून झाला. १९३६ साली कॉफीच्या प्रसारासाठी नेमलेल्या समितीने मुंबईतच, चर्चगेटला, पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे १९५७ साली ही कॉफीगृहे बंद होऊ लागली, तेव्हा तिथल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. पण आपल्या घरात कॉफी आली ती पातेल्यातून. दूध तापत ठेवायचे, साखर आणि कॉफी घालायची, वर जायफळ आणि वेलदोडा. उपासाच्या दिवशी, रात्री जागायचे असेल तेव्हा, किंवा मानाचा पाहुणा आला म्हणजे ही कॉफी होते. तिची लज्जत वेगळीच. मी तिच्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. फक्त ती कॉफीइतकीच दुधाची आणि जायफळाची आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. तिच्यासाठी नवे भांडे घेण्याची गरज नाही. मात्र दूध तापून खाली उतरवण्याच्या बेताला कॉफी घाला, झाकण ठेवून चार मिनिटे मुरू द्या आणि मग फडक्यातून गाळा. तीच भुकटी, तेच दूध, पण चवीत फरक पडलेला तुम्हांला कळेल.

यानंतरची भांडी वेळ वाचवण्याच्या चढाओढीतली. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात कॉफीचे पीक इतके झाले की भाव सावरण्यासाठी लाखो पोती जाळून टाकावी लागली. त्या शिलकीचे काय करावे या विचारातून, आणि स्वित्झर्लंडमधल्या काही वर्षांच्या संशोधनातून, १९३८ साली नेसकॅफे ही विरघळणारी पूड बाजारात आली. तिला भांडेच लागत नाही. १९५४ साली जर्मनीत विजेवर पाणी तापवून कागदातून थेंब थेंब कॉफी काढणारे घरगुती यंत्र निघाले, आणि १९७२ साली अमेरिकेत 'मिस्टर कॉफी' नावाचे तशाच तऱ्हेचे यंत्र आले. त्याने पर्कोलेटरची सद्दी संपवली. यंत्राने वेळही वाचवला आणि कॉफी उकळतही नव्हती. मग जुन्या भांड्याकडे कोण पाहतो? १९८६ साली भुकटी भरलेल्या छोट्या डब्यांची, म्हणजे कॅप्सूलची, यंत्रे नेस्प्रेसो या नावाने आली. एक कप, एक डबी, एक कळ. पण प्रत्येक कपामागे एक डबी कचऱ्यात. अशाच दुसऱ्या एका अमेरिकन डबीचा जनक जॉन सिल्व्हन याने २०१५ साली, आपण हे केले नसते तर बरे झाले असते, अशी खंत बोलून दाखवली.

मघाशी मेलिटाबाईंच्या कागदाचे एक काम सांगायचे राहिले होते. १९८३ साली नॉर्वेतल्या ट्रॉम्सो येथील पाहणीत असे दिसले, की जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक आहे. नॉर्वेत तेव्हा कॉफी उकळून, न गाळता पिण्याची चाल होती. पुढे नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी छडा लावला. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, आणि तो रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतो. उकळलेल्या आणि दांडीने दाबून काढलेल्या कॉफीत तो बराच उतरतो. कागदातून गाळलेल्या कॉफीत जवळजवळ उतरतच नाही. खिळ्याने भोके पाडलेल्या भांड्यातला तो टीपकागद असा हृदयाच्याही कामी आला. दिवसाला एखादा कप घेणाऱ्याने यात घाबरण्यासारखे काही नाही. पण ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितले आहे आणि दिवसाला चार-पाच कप लागतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता निवडीचे पाहू. दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, घरात कॉफी पिणारे किती? मोका किटली तिच्या मापाइतकीच भरावी लागते. सहा कपांच्या किटलीत दोन कप चांगले होत नाहीत. फिल्टरचेही तेच. मोठ्या भांड्यात थोडी भुकटी घातली तर थर पातळ बसतो आणि पाणी भसकन् उतरते. म्हणून रोजच्या माणसांचे माप घ्या, पाहुण्यांचे नको.

दुसरा, चूल कोणती आणि वीज किती? ॲल्युमिनियमची किटली इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, आणि गॅसवर तिचे लहान बूड कलंडते. त्याला जाळी लागते. विजेचे यंत्र वीज असेल तरच चालणार. ज्या गावात सकाळच्या वेळेलाच भारनियमन होते, तिथे ते फडताळाची शोभा होऊन बसेल.

तिसरा, त्याला रोज काय लागेल आणि ते आपल्या गावात मिळते का? कागदी फिल्टरला कागद, मोकाला रबरी चकती, कॅप्सूलला डब्या. भांडे एकदाच घ्यायचे, पण हा खर्च कायमचा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो फार थोडे लोक विचारतात. घरात हे करणार कोण, आणि नंतर घासणार कोण? दांडीचे काचेचे भांडे मोठे देखणे, पण त्याची जाळी सुटी करून चोथा काढत बसावा लागतो. घेणारा एक आणि घासणारी दुसरी असेल, तर निवडही दुसरीनेच करावी, हे न्यायाचे आहे.

मला विचाराल तर दूध घालून पिणाऱ्या, तीन-चार माणसांच्या घराला दक्षिणी फिल्टर पुष्कळ झाला. दूध न घालता पिणारा असेल, किंवा कोलेस्टेरॉलची काळजी असेल, तर एक साधे शंकूचे भांडे आणि कागद. कडक, थोडी आणि झटपट हवी असेल तर मोका. आणि यांपैकी काहीच घ्यायचे नसेल तरीही बिघडत नाही. एक झाकणाचे पातेले, एक मलमलीचे फडके आणि १८१२ सालचा तो नियम एवढ्यावर उत्तम कॉफी होते. एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे एका पेल्याला दोन सपाट चमचे भुकटी घ्या, उकळी आलेले पाणी उतरवून तिच्यावर ओता, चार मिनिटे झाका, गाळा. फडके साबणाने धुऊ नका, कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

शाळेतही हा प्रयोग करून पाहता येईल. एकाच पुडीतली भुकटी दोन भांड्यांत सारख्या मापाने घ्यायची, एक पाच मिनिटे उकळायचे, दुसऱ्यावर नुसते कढत पाणी ओतून तेवढाच वेळ झाकायचे. मुलांना फक्त वास घ्यायला सांगा आणि शिक्षकांच्या खोलीत चव पाहा. उकळताना वर्गात कोणत्या भांड्याचा घमघमाट अधिक सुटला, आणि नंतर कोणत्या पेल्यात तो उरला, हे मुले आपण होऊन सांगतील. काउंट रम्फर्ड त्यांना मग समजावून सांगावा लागणार नाही. आणि उद्या दुकानात एखादे चकचकीत यंत्र पाहून ती विचारतील, की हे पाणी उकळते का, मुरू देते का, आणि घासायला किती वेळ लागतो. असे विचारणारे गिऱ्हाईक फसत नाही.